कढत पाण्यातले रबर

"हयगय रुक्मिणीन केल्यान आणि बोल माका?" दत्ताराम शेट म्हणाला.

आचऱ्याच्या खाडीकाठच्या त्याच्या शेडमध्ये सात बायका कुर्ल्यांचे डेंगे, म्हणजे खेकड्यांच्या नांग्या, रबराने बांधत बसल्या होत्या. आठवी, रुक्मिणी, दाराशी उभी होती. उजव्या हाताला हे एवढं बँडेज. चार दिवसांपूर्वी कुर्लीने तिचा अंगठा डेंग्यात धरला तो थेट हाडापर्यंत. मालवणच्या डॉक्टरने पाच टाके घातले, पण अंगठा पूर्वीसारखा वाकेल असं काही तो बोलला नाही. डाव्या हाताने निवडायचं काम तरी द्या, एवढंच मागायला ती आली होती. तर शेट सगळ्यांदेखत म्हणतो, तुझं लक्ष मोबाइलमध्ये, उद्यापासून येऊ नको.

तिची थोरली जाऊ शेवंती टोपलीपाशी बसून हे ऐकत होती आणि तिच्या अंगाची नुसती लाही होत होती. वीस वर्षं कुर्ल्या बांधल्यात रुक्मिणीने! मागून धरायची, डेंगा अंगाशी दाबायचा, दोन वेढ्यांत रबर चढवायचा. डोळे मिटून बांधेल. ती आणि हयगय? आणि त्या दिवशी डेंगा बांधलेला होता. शेवंतीने स्वतः पाहिलं होतं. रबर तुटला नव्हता, निसटला नव्हता, जागच्या जागी होता. तरी कुर्लीने डेंगा उघडला.

कसा उघडला, ते शेडमध्ये सगळ्यांना कळत होतं. मालवणच्या हॉटेलांत गेलेल्या कुर्ल्यांचे रबर शेटची गाडी पिशवी भरभरून परत आणायची. चार-चार दिवस डेंग्यांवर ताणून राहिलेले, लांबट झालेले रबर. शेट ते कढत पाण्याच्या टोपात टाकायचा. पाण्यात पडले की ते आखडून पहिल्यासारखे लहान व्हायचे, आणि हा बाबा म्हणायचा, "बघा, झाले नवे!" बायका तेच निमूट वापरायच्या.

शेवंती उठलीच. "शेटानू, रबर वापरलेलो होतो."

"वापरलेलो म्हणजे? हो बघ कोरो, हो बघ वापरलेलो." शेटने दोन रबर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. माप एकच. "फरक दाखव. दाखव मा!"

बायकांनी माना खाली घातल्या. शेवंतीने ते दोन्ही रबर उचलले आणि भिंतीवरच्या दोन खिळ्यांना अडकवले. कोपऱ्यात जाळ्याला लावायचं शिसं पडलं होतं. त्याच्या दोन सारख्या माळा तिने दोन्ही रबरांना लटकावल्या. कोरा रबर चार बोटं खाली आला आणि थांबला. दुसरा चांगला वीतभर लोंबला.

"माप ताच," शेवंती म्हणाली. "दम खंय गेलो?"

"जरा सैल आसा. म्हणान काय झाला?"

"काय झाला?" शेवंतीने लेकीचा हवाला दिला. "माझ्या चेडवाक विचारलंय मी. कट्टा गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकयता ता. रबराच्या आत सुताचो गुंतो आसता, डोळ्यांक दिसना नाय इतको बारीक. ताणलो की सूत सरळ होता, सोडलो की परत गुंतो. पण चार दिवस ताणून ठेवलो की आतली सुतां तुटतत, सरकतत. कढत पाण्यान रबर आखाडता, तुटलेला सूत जुळना नाय. वरसून नवो, आतसून फुसको!"

शेट हसला. "आता शाळा काढतस काय गो हयसर?"

हसला! एका बाईचा अंगठा गेला आणि हा मेला दात काढतो! शेवंतीने टोपलीतली सगळ्यात मोठी कुर्ली मागून धरली. खिळ्यावरचा वीतभर लोंबलेला रबर काढून तिच्या एका डेंग्यावर दोन वेढे चढवला, कोरा दुसऱ्या डेंग्यावर. नीट, शेटला दिसेल असे. मग कुर्ली टेबलावर ठेवली. कुर्ली थोडा वेळ गप्प बसली. मग तिने जोर केला. कोऱ्या रबराचा डेंगा मिटलेलाच राहिला. दुसरा हळूहळू उघडला, चांगला बोट मावेल इतका. रबर जागच्या जागी होता.

"दत्तारामा," शेवंती म्हणाली. शेटानू गेलं, अहो-जाहो गेलं. एका वर्गात बसलेली माणसं ती. "बांधलेली आसा मा कुर्ली? मगे घाल बोट."

शेवंतीशेजारी बसणाऱ्या रहिमाने हातातली कुर्ली टोपलीत ठेवली आणि पदराला हात पुसले. तिचं बघून बाकीच्यांचेही हात थांबले. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, पण कोणी तिकडे पाहिलं नाही.

"खुळी झालस काय गो?" शेट म्हणाला. "उद्या नवे रबर हाडतंय. चला, कामाक लागा."

"उद्याचा उद्या. हयगय केल्याशिवाय कुर्ली चावना नाय म्हणालस मा? तू हयगय करू नको. घाल बोट!"

शेटने कुर्लीकडे पाहिलं. बायकांकडे पाहिलं. एकही हात कामाला लागला नव्हता. मग त्याने आपले दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

तेव्हा रुक्मिणी दारातून आत आली. बँडेजचा हात तिने टेबलावर, कुर्लीच्या शेजारी ठेवला.

"हात खिशात घालून सांगितलस, आता ताच तोंडान सांग," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."