हुकमाची मुदत

"आज शेवटचं इंजेक्शन," गुणाजी दाढी करता करता म्हणाला. "वर्ष भरलं. कोर्टाचा हुकूम आजपर्यंतच."

मालन चहा गाळायची थांबली. थोरला भाऊ वर्षभर कसा माणसात होता! तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं ओरपायचा, प्रभादेवीपर्यंत फिरून यायचा, चाळीतल्या पोरांना हसवायचा. आणि त्याआधी? कुणीतरी विष घालतंय म्हणून अन्नाला शिवत नव्हता. माटुंग्याच्या बाजारात अनवाणी सापडला, तेव्हा सख्ख्या बहिणीला ओळखेना.

हातापाया पडून झालं, शपथा घालून झाल्या. पठ्ठ्या दवाखान्याची पायरी चढेना. शेवटी तो हुकूम आला: वर्षभर, दर महिन्याला इंजेक्शन. गुणाजी स्वतः निवृत्त बेलिफ. तीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन कोर्टाचे हुकूम बजावलेले. त्याने कागद उलटसुलट वाचला, बहिणीकडे बघितलं आणि म्हणाला, "कोर्टापुढे आपलं काय चालणार गो!" त्यानंतर एक तारीख चुकली नाही.

मालनच्या लेकीला, रुपालीला, हे कधीच पटलं नव्हतं. आजही आई दवाखान्याला निघताना ती बोललीच. "आई, मामा काय गुन्हेगार आहे? मनाविरुद्ध सुई टोचायची, ही कसली माया?"

"रस्त्यावर मेला असता म्हणजे? तुझ्या त्या हक्कांची काय पूजा घातली असती?"

मालन बोलली खरी, पण तिला स्वतःलाही ते डाचत होतंच. भावाला असं धाकाने न्यायचं म्हणजे पापच. पण उद्या तो नाही म्हणाला तर?

दवाखान्यातून परतताना तिला राहवेना. "दादा, पुढच्या महिन्यात येशील ना रे? माझ्यासाठी?"

"हुकमाशिवाय? छे!"

मालनला रडूच फुटलं. भर रस्त्यात, परळच्या नाक्यावर.

"रडतेस काय, वेडी कुठली!" गुणाजीने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "घे. मुदतवाढ."

तिने कागद उघडला. आणखी एक वर्ष. खाली सही, गोल शिक्का.

"हा... हा कुणी दिला तुला?"

"कोर्टाबाहेर बसतो त्या टायपिस्टने. तुला पहिला हुकूम ज्याने करून दिला, त्यानेच," गुणाजी म्हणाला. "तेव्हा कोर्टाचा जावक नंबर घालायचा राहिला होता गो. या खेपेला मी घालून घेतला."