अळणी ताट

"आबा, गोळी."

"दे की. पळून चाललोय व्हय मी?"

आबांनी गोळी घेतली आणि दुधात कुस्करलेल्या भाकरीत दाबली. कोरडी गोळी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. आबांनी चार घास खाईपर्यंत गोरक्ष सायकलचं हँडल धरून अंगणात उभा राहिला. मग टांग टाकून तो कारखान्याच्या वाटेला लागला.

तो बी.एस्सी. होऊन साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला होता. दिवसभर उसाचा रस तपासायचा. त्यामुळे आबांच्या पायांवर सूज आली तेव्हा राहात्याच्या डॉक्टरांनी त्यालाच बाजूला घेऊन सगळं समजावलं होतं.

"गोळी चांगली आहे, पण लहरी आहे. पायातलं पाणी लघवीवाटे काढते, पोटॅशियम मात्र अंगातच ठेवते. ते साचलं तर हृदय बंद पडू शकतं. जेवणासोबत द्या. मीठ तोडा. शहाळं, मोसंबी बंद, त्यांत पोटॅशियमच असतं. हातापायांना मुंग्या आल्या, पायातलं बळ गेलं, नाडी मंदावली, तर गोळी थांबवा आणि उचलून इकडे आणा."

मोसंबी बंद! पुणतांब्यात आबांची बाग मोसंबीचीच होती. झाडं फळांनी वाकलेली. गोरक्षनं घरातली टोपली उचलून आईपुढे ठेवली.

"हे आबांच्या नजरेला पडू देऊ नकोस."

"मग काय गुरांना घालू?" चांगुणाबाई म्हणाली. "मीच खाते."

शहाळ्यांचंही तेच झालं. आक्काबाई आत्या दर गुरुवारी शिर्डीला जायची आणि येताना भावासाठी पिशवीभर शहाळी आणायची. गोरक्षनं पिशवी हातातून काढून घेतली तेव्हा ती आबांकडे बघून कडाडली.

"पोरगं शिकलं का बिघडलं, रंभाजी? बापाच्या तोंडचं पानी काढतंय!"

"राहू द्या वन्सं," आई म्हणाली. "मी पिते. तुमी एवढं वझं आणलं, वाया कशाला जाऊ द्यायचं?"

आत्याला भांडायला दुसरं निमित्त लगेच सापडलं. "आन् तुझ्या पायात जोडवी का न्हाईत? सवाशीन बाई तू."

"झिजल्यात. सोनाराकडं टाकल्यात."

आबांनी आईच्या पायांकडे पाहिलं आणि पान जुळवायला घेतलं.

पहिल्या काही दिवसांत आबांची सूज झरझर उतरली. गोरक्षला हायसं वाटलं. पण पुढे ती परत चढू लागली. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. गोरक्षचं कामात लक्ष लागेना. गोळी तर रोज त्याच्यासमोर दूधभाकरीच्या काल्यात पडत होती. मग मीठ कुठून तरी पोटात जात असणार. त्यानं आत्याच्या घरी जाऊन लोणच्याच्या बरणीची चौकशी केली आणि चार शिव्या खाऊन परतला. आबांच्या खिशात त्यानं खारे शेंगदाणे शोधले. आईवर तर तो वैतागलाच.

"तू त्यांना चोरून मीठ देतेस ना?"

"अरे, मी बी अळणीच खाते. त्यांचं झालं का त्यांच्याच ताटात जेवते न्हवं मी? लगीन झाल्यापासून दुसरं ताट घेतलंय का कदी?" ती हसली. "आताशा तर दूधभाकर बी कडू लागती बाई."

"सकाळी सकाळी सारखी मोरीकडे का पळतेस?"

"म्हातारपन. तुला व्हईल तवा कळंल."

आबांना घेऊन तो परत राहात्याला गेला. डॉक्टरांनी रक्त काढून पुण्याला पाठवलं. अहवाल आला. पोटॅशियम अगदी बेताचं, मूत्रपिंडंही ठीक.

"मग भीती नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळी सोसते आहे त्यांना. एकीच्या दोन करू. मुंग्यांवर मात्र लक्ष ठेवा."

त्यानं लक्ष ठेवलं. रोज सकाळी मनगट धरून नाडी पाहिली.

"मुंग्या?"

"न्हाईत."

"पायात बळ आहे?"

"तुला लाथ घालून दाखवू का?"

आई चुलीपुढून हसायची. तिच्या पायात जोडवी परत आली होती. फरशीवर ती वाजली की आबा खुळ्यासारखे तिकडे बघत बसायचे.

"आली वाटतं सोनाराकडनं," आत्या म्हणाली.

"आली," आईच्या आधी आबाच बोलले.

त्या सोमवारी आबांना बूटही चढेना. गोरक्षनं दोन गोळ्या दिल्या. त्या काल्यात दाबलेल्या पाहिल्या. दुपारी बैलगाडी जुंपून आबांना स्टेशनवर न्यायचं आणि तिथून नगरच्या मोठ्या डॉक्टरकडे, असं त्यानं ठरवलं. रजा सांगायला तो सायकल काढत होता, तोच स्वयंपाकघरात ताट आदळलं.

झालं, आबा पडले! गोरक्ष सायकल टाकून आत धावला.

आबा भिंतीशी ताठ उभे होते. खाली आई पडली होती. उठायला ती हात टेकत होती आणि हात घसरत होता.

"पायात जीवच न्हाई रे," ती म्हणाली. "सकाळधरनं मुंग्या येत्यात नुसत्या."

त्यानं तिचं मनगट धरलं. ठोका लागला. मग दुसऱ्या ठोक्याची वाट पाहावी लागली.

शेजारी आबांचं ताट उलटलं होतं. तिच्यासाठी मागे ठेवलेला काला फरशीवर पसरला होता आणि त्यात दोन गोळ्या दुधानं भिजून फुगल्या होत्या.

"ती डॉक्टरकडं यायची न्हाई, गोरक्ष," आबा म्हणाले. "पन तिची सूज उतरली हुती रे. जोडवी परत चढली हुती."