गृहविक्रयाची पूर्वतयारी

वाचकहो, मेलकावेरीतील आमचे राहते घर विक्रीस कसे सिद्ध झाले, ते येथे सविनय कथन करतो.

भिंतींना चुना दिला, दारे रंगविली. गिऱ्हाईक आले की मी घराची स्तुती करावी आणि आमच्या सौ. वेंकटलक्ष्मीने, "पावसात भिंती पाझरतात हो!" म्हणून त्यास परतवावे.

"अगं, घर विकायचे आहे ना?"

"तुम्ही विका. मी खरे तेच बोलते."

काल तिरुक्करुगावूरच्या देवीला सुखरूप बाळंतपणाचा नवस बोलून एक गर्भवती पतीसह घर पाहावयास आली. मी धास्तावलो. सौ.ने तिला बसविले, पाणी दिले, मग हात धरून आतल्या खोलीत नेले.

"ही खोली उन्हाळ्यातही गार असते, पोरी. माझी तिन्ही लेकरे इथेच जन्मली."

आपण वाचलेत, ऋणी आहे.
वरदराज राव