पाचवं स्थळ

चेन्नईतल्या अड्यारच्या फ्लॅटवर मुलगी बघायला एकटाच आलेल्या क्षितिजने आपण खाजगी गुप्तहेर संस्थेत आहोत असं सांगितलं, आणि रत्नाकररावांनी पुढे केलेली पोह्यांची बशी टीपॉयवर आदळली.

"म्हणजे लोकांच्या घरात डोकवायचं! आमच्या बँकेच्या दारावरचा वॉचमनसुद्धा निदान गणवेश घालायचा. यात पुढे काय होणार तुम्ही? मोठे डोकावणारे?"

"काम वाढतंय, काका. हल्ली आयटीवाले चौकशी करवल्याशिवाय लग्नच ठरवत नाहीत."

त्यांच्या शर्मिष्ठाला आतापर्यंत आलेले चारही नकार आयटीवाल्यांचेच होते. पण म्हणून मुलगी असल्या माणसाच्या गळ्यात बांधायची? रत्नाकररावांना स्वतःचीच कीव आली.

"हे जमायचं नाही," म्हणत त्यांनी दार उघडलं.

क्षितिज शांतपणे उठला. "तुम्हाला नकार दिलेल्या चारही घरांसाठी तुमच्याकडची चौकशी मीच केली होती. शर्मिष्ठाबद्दल चारही वेळा चांगलंच लिहिलं, म्हणून तर आज स्वतः आलो. नकार आले ते 'मुलीचे वडील' या रकान्यामुळे."

चपला घालता घालता तो म्हणाला, "आज पुन्हा पडताळून पाहिलं. बदलण्यासारखं काही नाही."