उंटीण शोधायला

कोरड्या ओढ्याचं पात्र संपलं तिथे कोशेरबायने मोटारसायकल खडकाच्या सावलीला लावली. इथून काराशोकी डोंगराच्या माथ्यापर्यंत वाट अशी नव्हतीच. मेंढरंसुद्धा या अंगाला फिरकत नसत. ज्याने त्याने आपली वाट शोधायची आणि हातपाय शाबूत ठेवून वर पोचायचं.

"पांढरी उंटीण हरवली" एवढंच त्याने सकाळी सांगितलं, आणि त्याचा जुना दोस्त ओतेगेन लगेच टोपी घालून निघाला होता. माथ्यावरून सगळं वाळवंट दिसतं, तिथून दुर्बिणीने शोधू, हेही त्यानेच सुचवलं. कोशेरबायला हायसं वाटलं. त्याने रात्रभर जुळवून ठेवलेल्या थापा वायाच गेल्या.

उंटीण हरवलेलीच नव्हती.

आदल्या दिवशी शामगोनबाबांनी त्याला घरी बोलावून घेतलं होतं. वस्तीतलं सगळ्यात म्हातारं माणूस. लग्न असो की भांडण, शेवटचा शब्द त्यांचा. फोनही लागायचा तो त्यांच्याच छपरावर चढल्यावर. त्यांनी चहा दिला आणि चुलीकडे बघत सांगितलं, की तेलाच्या विहिरींवर कामाला गेलेली दोन्ही पोरं घरी यायला निघाली होती आणि वाटेत गाडी उलटली.

"तुझा जालगास वाचला. नुसता पाय मोडलाय, दवाखान्यात आहे. ओतेगेनचा नुरदौलेत गेला. उद्या संध्याकाळी आणतील त्याला. त्याआधी बापाच्या कानावर घालायला हवं. ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

अशी बातमी त्या मुलखात कुणी घरात बसून तोंडावर फेकत नाही. जवळच्या माणसाने बापाला लांब न्यायचं, मुलाचं कौतुक करत करत बोलणं हळूहळू वळवायचं, आणि सांगायच्या आधी त्याचं त्यालाच उमगेल असं करायचं. तोवर मागे राहिलेले दफनाच्या तयारीला लागतात.

परतताना कोशेरबाय खूप रडला. पण रडण्याआधी त्याने मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले होते, माझा वाचला म्हणून. त्या आभारांची त्याला अजून लाज वाटत होती.

चढ अंगावर येणारा होता. भुसभुशीत दरडीवर जेवढं चढावं तेवढं खाली घसरावं. ओतेगेनने पाण्याचा कॅन स्वतःच्या पाठीला बांधला, कोशेरबायला हातही लावू दिला नाही. एरवी हा चढ म्हणजे टर उडवायला आयतं निमित्त. बरोबरीच्या वयाच्या माणसांनी एकमेकांना सोडायचं नाही ही तिथली रीत, आणि ओतेगेन तर कोशेरबायच्या पोटावरून अख्खी पंगत हसवणारा. आज मात्र तो जागोजागी थांबून हात पुढे करत होता, सावकाश ये म्हणत होता. थकला बिचारा, असं कोशेरबायला वाटलं.

अर्ध्यावर एका कपारीत ते टेकले. ओतेगेनने फडक्यातून वाळवलेल्या दह्याचे आंबट गोळे काढले आणि बहुतेक सगळे कोशेरबायच्या पुढ्यात सरकवले. आता सुरुवात करायला हरकत नव्हती.

"तुझा नुरदौलेत म्हणजे सोनं आहे बघ," कोशेरबाय म्हणाला. "त्या वादळात माझी मेंढरं त्यानेच हाकून आणली. सांगावं लागलं नाही त्याला."

ओतेगेन खाली बघत म्हणाला, "आणि तुझा जालगास? माझी बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हा रोज दूध कोण आणून देत होतं?"

"नुरदौलेतचं मन मोठं."

"जालगासचं त्याहून मोठं."

सोयरीक जुळवायला बसलेल्या मध्यस्थांसारखं ते चाललं होतं. कोशेरबायने नुरदौलेतचं नाव काढलं की ओतेगेन जालगासला पुढे करायचा. बोलणं काही पुढे सरकेना. किती भला माणूस हा, स्वतःच्या पोराचं कौतुकही धड ऐकून घेत नाही, असं कोशेरबायच्या मनात आलं. वर गेल्यावर सांगू, असं ठरवून तो उठला.

माथ्यावर वारा सोसाट्याचा होता. ओतेगेन वाऱ्याकडे पाठ करून बसला. दाखवण्यापुरती का होईना, कोशेरबायने दुर्बीण डोळ्यांना लावली. सगळ्यात आधी दिसली ती त्याची उंटीणच, विहिरीपाशी निवांत रवंथ करत उभी. त्याने घाईने दुर्बीण वळवली, तर पुढे कबरस्तान आलं. वस्तीतले गडी खणत होते. दोन ठिकाणी माती उकरलेली होती. पहिल्या जागी खडक लागला असणार; जमीनच तसली. ओतेगेनने मागू नये म्हणून त्याने दुर्बीण पटकन पिशवीत टाकली.

ओतेगेनने मागितलीही नाही.

ऊन कलायला लागलं होतं. आता टाळून चालणार नव्हतं. आपल्या एका वाक्यानंतर हा माणूस पूर्वीचा राहणार नाही, हे कोशेरबायला कळत होतं आणि त्याचं काळीज तुटत होतं. तो शेजारी जाऊन बसला. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात ओतेगेनने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"कोशेर, तुझी उंटीण सकाळीच मी विहिरीवर पाहिली," तो म्हणाला. "तरी आलो. तुला कुठेतरी लांब न्यायचंच होतं मला. घरात सांगवलं नसतं."

ओतेगेनने हात सोडला नाही.

"काल शामगोनबाबांनी बोलावलं होतं. गाडी उलटली रे पोरांची. माझा नुरदौलेत वाचला, नुसता पाय मोडलाय. पण तुझा जालगास..."