कधी न रागावणारे सर

माणसाची शंभरी भरली की त्याला उचलतात, कॉलेजची भरली की मांडव घालतात. तसा मेडिकल कॉलेजने मांडव घातला आणि शरीररचनेचा वर्ग शेजारपाजारच्यांना बघायला खुला केला. मागच्या गल्लीतली शिंपीणही गेली, पण घराला कुलूप न लावता. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला नवरा कधीही परत येईल, म्हणून ती कुलूपच लावत नसे.

हुकाला टांगलेल्या सांगाड्याजवळ एक विद्यार्थिनी म्हणाली, "हे आमचे सर. रागवत नाहीत, रजाही घेत नाहीत."

"कुठले गं हे?"

"बेवारस होते, काकू. तीन वर्षं झाली."

शिंपीण त्याच्या नडगीवर मोडलेलं हाड सांधायला बसवलेल्या सहा स्क्रूंच्या पट्टीकडे बघत राहिली.

 

"पोरी, यांना खुर्ची दे. फार वेळ उभं राहिलं की तो पाय ठणकतो यांचा."