दुर्बिणीची पूजा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भातकुलीत घरामागच्या शेतात खुशालरावांनी रायफल झाडली आणि बांधावरचं मडकं पुन्हा वाचलं. गोळी दर वेळी हातभर खाली, मातीत. ज्वारीत रानडुकरं घुसत होती. अष्टमीपर्यंत रायफलीवरची हीच दुर्बीण अचूक होती. "गोऱ्या साहेबानं इलायतेले जातानी बिघडेल दुर्बीण गळ्यात मारली," ते चिडले. "साहेबाले कावून बोल लावता?" बायको माणिकबाई म्हणाल्या. "खंडेनवमीले तुमीच तिले काढून पुजली ना?" रायफलीची एक पूजा, दुर्बिणीची वेगळी, हा हट्ट खुशालरावांचाच होता. कुरकुरत त्यांनी स्क्रू सैल करून दुर्बीण उचलली. तिला धरणाऱ्या पुढच्या कड्यात हळदीनं चिकटलेला अक्षतेचा दाणा निघाला; त्यानंच ती तिरकी बसली होती. कडं पुसून, दुर्बीण घट्ट बसवून त्यांनी चाप ओढला. मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या. हरखून त्यांनी रायफलीला ओवाळायला ताट मागितलं. माणिकबाईंनी ताट आणलं, तांदळाची वाटी मात्र लपवली.